‘हे मुळातच चालू असतं’

मदतीचं पान उघडणारा माणूस आधीच चिडलेला असतो. काहीतरी अडल्याशिवाय तिकडे कुणी फिरकत नाही. अशा चिडलेल्या माणसांसाठी मी एकवीस वर्षं लिहिलं, आणि त्यांतल्या एकानेही माझं नाव कधी विचारलं नाही. त्या पानांवर नाव नसतंच. या अंकाच्या संपादिकेने ‘तुमच्या आगळ्यावेगळ्या करिअरबद्दल काहीतरी प्रेरणादायी लिहा’ असं कळवलं तेव्हा मी हो म्हणून बसले. प्रेरणादायी काही जमेल असं वाटत नाही. छापायचं की नाही ते बाईंनी ठरवावं.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या नणंदेलाही ते अजून कळलेलं नाही. प्रोग्रॅमर लोक ज्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्रॅम लिहितात त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. दिसायला कोरं पान, बाकी काही नाही. मग त्याला हवी तशी जोडणी करता येते. त्या जोडण्यांना कुणी प्लगिन म्हणतं, कुणी पॅकेज. एक पॅकेज स्पेलिंग तपासतं, एक ओळींना रंग देतं, एक जुन्या प्रती सांभाळतं. प्रत्येक पॅकेजच्या पुन्हा आपल्या सेटिंग्ज. आमच्या कंपनीच्या एडिटरला सगळ्या मिळून सहाशेच्या वर सेटिंग्ज होत्या. सेटिंगचं नाव काय, ती काय करते, तिचे पर्याय कोणते आणि आपण हातच लावला नाही तर ती मुळात कशी असते, एवढं साध्या भाषेत लिहायचं. या शेवटच्या गोष्टीला आमच्यात डिफॉल्ट म्हणतात. बहुतेक लोक कुठल्याच सेटिंगला कधी हात लावत नाहीत, त्यामुळे डिफॉल्ट चुकवून चालत नाही.

दर दोन महिन्यांनी एडिटरची नवी आवृत्ती यायची. कशाचं नाव बदललेलं, काहीतरी हलवलेलं, काहीतरी गुपचूप काढून टाकलेलं. मग माझी पानं दुरुस्त करायची. नवं लिहिणं थोडं आणि जुनं निस्तरणं फार, असं हे काम. एका पॅकेजच्या कर्त्याने वर्षात तीन वेळा आपल्या सेटिंग्जची नावं बदलली. का, विचारलं तर म्हणे आधीची नावं आता आवडत नाहीत. स्वतःच्या मुलीचं नाव तरी एकच ठेवलंयस ना, असं मी लिहिलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं. एडिटर वापरणारा एक जण दर आवृत्तीनंतर पानभर शिव्या लिहून पाठवायचा आणि सगळ्यात खाली, शेवटच्या ओळीत, माझी एक खरी चूक दाखवायचा. दर वेळी तो बरोबर असायचा. सुट्टीवर गेला की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आणि बेवारस पॅकेजेस. कर्ता कुठेतरी परदेशात बसलेला, फुकट काम करणारा. एके दिवशी उत्तरं द्यायचा थांबतो. तक्रारी साचत जातात. सहा महिने वाट पाहून मी त्या पानाच्या डोक्यावर ओळ घालायची, ‘या पॅकेजची देखभाल आता होत नाही’. अशा किती ओळी घातल्या आठवत नाही. त्यातल्या एकाच्या बायकोचं पत्र आलं होतं. नवरा वारला, त्याचं नाव पानावरून काढून टाका, मुलगा सारखं उघडून बघत बसतो. पॅकेज ज्या परवान्यावर फुकट वाटलं जातं, त्याच्या अटीप्रमाणे कर्त्याचं नाव काढता येत नाही. तसं मी तिला नियमाचा क्रमांक देऊन कळवलं. त्या पत्राची मला आजही लाज वाटते.

हे काम मला फर्नांडिस मॅडमनी शिकवलं. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख, फार तुसड्या, आणि त्यांच्यासारखं काम करणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, “स्वतःच्या मशीनवर विश्वास ठेवू नकोस.” म्हणजे असं, की आपण रोज एडिटर वापरतो, वापरता वापरता आपल्या सोयीने दहा सेटिंग्ज बदलतो आणि विसरून जातो. मग आपल्याला जे दिसतं ते एडिटरचं मूळ रूप नसतं, आपण लावलेली सवय असते. म्हणून लिहिण्याआधी प्रत्येक गोष्ट कोऱ्या खात्यावर तपासायची. संगणकात नवं खातं उघडायचं, एडिटर पहिल्यांदा घातल्यासारखा घालायचा, कशालाही हात न लावता बघायचं, मग लिहायचं. एका सेटिंगला पंधरा मिनिटं जातात. मॅडम निवृत्त झाल्या तरी मी ते सोडलं नाही. पुढे कंपनीने घरून काम करा म्हणून सांगितलं आणि मी कायमची शहापूरजवळच्या आटगावला आले, तरीही सोडलं नाही. शेजारणी म्हणायच्या, “तुमी काय, घरीच असता,” आणि गल्लीतल्या सगळ्यांची पार्सलं माझ्याकडे ठेवून जायच्या. मी कोरं खातं उघडून बसलेली असायचे.

एकदाच सोडलं.

नव्या आवृत्तीत प्रोग्रॅमर लोकांनी बदलांची यादी दिली होती. तिच्यात तळाला एक ओळ होती, ‘काही डिफॉल्ट बदलले आहेत’. कोणते, ते लिहिलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं. दोन दिवसांत चाळीस पानं द्यायची होती. जुन्या प्रती सांभाळणाऱ्या पॅकेजचं पान शेवटी उरलं. एडिटरबरोबर ते आपोआप यायचं, आणि फाइल सेव्ह केली की आधीची प्रत तारीख घालून बाजूला ठेवायचं. मी माझ्या रोजच्या मशीनवर एक फाइल सेव्ह केली. प्रत बाजूला पडली. मी वाक्य तसंच राहू दिलं, ‘हे मुळातच चालू असतं, वेगळं काही करावं लागत नाही.’ त्या दिवशी वीज गेली होती असं मी नंतर दोघातिघांना सांगितलं. वीज होती. मला कंटाळा आला होता.

आता चिंतामणदादांबद्दल सांगते. मुरबाडकडच्या आश्रमशाळेत ते माझ्या वडिलांबरोबर शिक्षक होते, सगळ्यांत तरुण. निवृत्त झाल्यावर शहापूरला राहून पाड्यापाड्यांवरच्या लोकांचे वनहक्काचे दावे लिहून द्यायचे. जंगलाच्या कडेची जमीन हे घर पिढ्यान्‌पिढ्या कसतंय हे दाखवायचं, तर कागद कुठून आणणार? मग गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या जबान्या पुरावा म्हणून चालतात. अट एवढीच, की जबानी देणारा स्वतः त्या जमिनीचा दावेदार नसावा. दादांनी हाताने लिहिलेल्या जबान्या एका कार्यालयाने ‘अवाचनीय’ असा शेरा मारून परत पाठवल्या होत्या. आयुष्यभर पोरांना वळणदार अक्षर शिकवलेल्या माणसाला हे फार लागलं. पासष्टाव्या वर्षी त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला आणि माझ्याकडे आले.

“हलकं कायतरी दे गो शुभा, याच्यात दम नाय,” ते लॅपटॉपवर हात ठेवून म्हणाले.

मी आमचा एडिटर घालून दिला, नुकत्याच आलेल्या त्याच आवृत्तीचा. हलका होता, फुकट होता, ही खरी कारणं. आणखी एक कारण होतं. इतकी वर्षं मी जगभरच्या अनोळखी माणसांसाठी लिहीत होते. माझं पान वाचून माझ्यासमोर कुणी काम करतंय हे मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून माझ्याच इंग्रजी पानांतली कामाची आठ पानं मी दादांसाठी मराठीत लिहिली, छापली आणि टाचून दिली. त्यांनी त्यांना पुस्तकासारखं प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

पुढचे तीन महिने दादा उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर जात होते. म्हाताऱ्यांसमोर बाजेवर लॅपटॉप ठेवून, ते सांगतील तसं टाइप करायचं आणि लगेच वाचून दाखवायचं. त्याचं पाड्यात भारी कौतुक होतं म्हणे. अकरा जबान्या झाल्या की शहापूरला एकदम प्रिंट काढायच्या आणि ग्रामसभेत सगळ्यांचे अंगठे घ्यायचे असं ठरलं होतं.

एका दुपारी ते कापडी पिशवीतून लॅपटॉप घेऊन आले. पाणी प्यायले. म्हणाले, “ते बाजूला ठेवलेले कागद काढून दे. प्रिंटला जायचाय.”

मी फोल्डर उघडला. आत एकच फाइल. नाव ‘जबानी’. तिच्यात अकराव्या माणसाची जबानी होती.

“बाकीच्या फाइल कुठे केल्यात दादा?”

“बाकीच्या कशाला? याच्यातच. एकाचा झाला का सेव करायचा, पुसायचा, दुसऱ्याचा लिवायचा, सेव करायचा. मागचा तारीख घालून आपोआप ऱ्हाते ना बाजूला.” मग माझं तोंड बघून ते जरा हळू म्हणाले, “फळा पुसला तरी पोरांच्या वहीत ऱ्हातो, तसा. तूच लिवलंयस.”

त्यांनी पिशवीतून ती आठ पानं काढली. ‘आपोआप’ आणि ‘मुळातच चालू’ या शब्दांखाली लाल रेघ होती. सगळी पानं त्यांनी अशीच वाचली होती, शिक्षक वाचतात तशी. तेवढ्या मन लावून माझं लिखाण आजवर कुणीही वाचलेलं नाही.

मी त्यांच्या लॅपटॉपवर सेटिंग बघितली. बंद होती. आता ती मुळातच बंद असते. ‘काही डिफॉल्ट’ बदलले होते ते हेच. मग मी माझं मशीन उघडलं, माझ्या सेटिंग्जची फाइल काढली. तिच्यात चार वर्षांपूर्वी, काहीतरी तपासताना बंद-चालू करून बघितलं तेव्हा, मीच माझ्या हाताने घातलेली ओळ होती, जुन्या प्रती चालू. त्या ओळीकडे मी बघत बसले. फर्नांडिस मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ज्याबद्दल सांगितलं होतं, तीच चूक. आमच्या धंद्याबाहेरचा माणूस ही चूक करूच शकत नाही.

“किती ऱ्हायले?” दादांनी विचारलं.

“एक.”

“ठकीआजीचा?”

“नाही.”

ठकीआजी पाड्यावरची सगळ्यात म्हातारी बाई, आणि ती तीन आठवड्यांपूर्वी वारली होती. बाकी नऊ जणांकडे पुन्हा जाता येणार होतं. आजीच्या जबानीवर बारकीबाईचा दावा उभा होता. बारकीबाई विधवा, वरच्या उतारावरच्या तुकड्यात नागली आणि वरई काढते. तो तुकडा तिच्या सासऱ्याने फोडला, बांध घातला, हे स्वतः पाहिलेली पाड्यात एकच व्यक्ती उरली होती. नवी नवरी असताना आजी त्या बांधावर माणसांना पेज घेऊन जायची. पाड्यातले बाकीचे म्हातारे एक तर नंतर तिथे आलेले, नाही तर त्याच उतारावर स्वतः दावेदार.

“तू लिवलंस ना, आपोआप ऱ्हाते म्हनून?”

“लिहिलं.”

“मंग?”

“चुकीचं लिहिलं दादा. मी तपासलं नव्हतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती पानं नीट पिशवीत ठेवली. मी लॅपटॉप शहापूरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला, तिथून एकाने ठाण्याला पाठवला. एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिलेलं असल्यामुळे खालचं काही निघालं नाही. दादा परत वर गेले आणि नऊ जबान्या पुन्हा घेतल्या. एका म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, “मागल्या टायमाला सांगितला ना समदा? मंग आता काय बदलला?” दोघांना तर मागच्या वेळेइतकं आठवतही नव्हतं.

कंपनीला मी त्याच दिवशी चूक कळवली. स्वतःच्याच पानाविरुद्ध तक्रार नोंदवली, काय झालं ते सविस्तर लिहिलं, एका माणसाचं तीन महिन्यांचं काम गेलंय असं लिहिलं. चार मिनिटांत वरिष्ठांचं उत्तर आलं, ‘छान पकडलंस!’ आणि पुढे वर केलेल्या अंगठ्याचं चित्र. अंगठाच पाठवला त्यांनी. मी पानावर ‘चालू’च्या जागी ‘बंद’ केलं. दुरुस्तीबरोबर एका ओळीचं टिपण द्यावं लागतं. पानांवरच्या सगळ्या दुरुस्त्यांना आमच्याकडे एकच ठरलेलं टिपण असायचं, ‘किरकोळ दुरुस्ती’. बोटांनी सवयीने तेच टाइप केलं आणि ते गेल्यावर मला कळलं मी काय लिहिलंय ते. अजून ते तसंच आहे, कुणालाही बघता येतं.

वर्षभरात आमचा विभाग बंद झाला. पानं आता यंत्र लिहितं. लिहिण्याआधी त्याला आमची एकवीस वर्षांची पानं वाचायला घातली, आणि त्याचं कौतुक असं की ते न थकता दिवसात हजार पानं सुधारतं. मी ते वापरून बघितलं. जुन्या प्रतींबद्दल विचारलं. त्याने मला माझंच वाक्य ऐकवलं, हे मुळातच चालू असतं, वेगळं काही करावं लागत नाही. मी पान सुधारण्याआधी ते वाक्य कुणीकुणी इंटरनेटवरच्या आपापल्या पानांवर उतरवून घेतलं होतं, तिथून ते उचललं असणार. माझी हजारो वाक्यं बरोबर होती. त्यांतलं कुठलंही मला असं परत भेटलेलं नाही. शेजारणी विचारतात, “आता काय करता?” घरीच असते, म्हणून सांगते.

बारकीबाईकडे मी गेले नव्हते. आज जाऊ, उद्या जाऊ करत टाळलं. तिचा दावा ‘पुरावा अपुरा’ म्हणून परत आल्याचं दादांनी सांगितलं, त्यानंतर मात्र राहवेना. मी दादांना म्हटलं, मला वर घेऊन चला, मी स्वतः सांगते. ते म्हणाले, “तिला काय कळनार नाय गो त्यातला.” तरी त्यांनी नेलं.

उंबरमाळीवरून पायवाटेने तासभर चढ आहे. बारकीबाई अंगणात नागलीची कणसं पसरत होती. माझ्याच वयाची असेल. दादांनी ओळख करून दिली, “ही आमच्या शाळेतल्या मास्तरांची पोर. ते मशीनचा पुस्तक हिनी लिवला.” तिने मला बसायला पाट दिला आणि स्वतः कामाला लागली. मी तिला सगळं सांगितलं. वाटेत जुळवलेले शब्द बाजूला ठेवले. पुस्तकात मी एक गोष्ट न तपासता लिहिली, दादांनी ती खरी मानली, म्हणून आजीचं बोलणं पुसलं गेलं. दादांची काही चूक नाही. दादा म्हणाले होते तसं अजिबात झालं नाही. तिला सगळं कळलं.

“दादाला तर आजीचा पाठ हाय,” ती म्हणाली. “तुमी लिवता ना बाई? मंग लिवा परत. तसाच.”

“लिहिता येईल. पण अंगठा आजीचा लागतो.”

तिने हातातली कणसं पसरून ठेवली. स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग दादांकडे. दादांनी मान डोलावली. पाड्यात अंगठे पुष्कळ होते आणि कुणी तपासायला आलं नसतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी नाही म्हटलं. त्या नाहीचा मला अभिमान वाटला नाही. ज्या बाईने एकदा न तपासता लिहून हिची जमीन घालवली, ती आता नियमाने वागत होती.

बारकीबाई उरलेली कणसं पसरायला लागली. मग म्हणाली, “ते तुमच्या पुस्तकातला चुकीचा हाय तो? तसाच ठेवला का?”

“नाही. त्याच दिवशी सुधारलं.”

“किती येळ लागला?”

खोटं बोलावंसं वाटलं. “दोन मिनिटं,” मी म्हणाले.

तिला बरं वाटलेलं दिसलं. ती पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “मंग आमचा पन करा ना तसाच.”